‘एकमेक’ म्हणजे पाव! : इस्तंबूलमधली माझी तुर्की शाळा

इस्तंबूल हे मोठं नवलाचं शहर आहे. त्याचा एक पाय युरोपात, तर दुसरा आशियात. मधून बॉस्फरसचं निळं पाणी वाहतं आणि सकाळी माणसं डबा-पिशवी घेऊन बोटीने एका खंडातून दुसऱ्या खंडात कामाला जातात, आपण डोंबिवलीहून मुंबईला जावं तशी! आशियाच्या काठावर कादिकॉय नावाची वस्ती आहे. ‘कादी’ म्हणजे काजी आणि ‘कॉय’ म्हणजे खेडं. काजीचं खेडं! आता मात्र ते खेडं राहिलेलं नाही. मासळीबाजार, फळवाले, पुस्तकांची दुकानं, चहाची टपरी यांनी गजबजलेली ती एक पेठच आहे. ह्यांच्या नोकरीमुळे २०२२ साली आम्ही तिथे बिऱ्हाड केलं आणि पुढची दोन वर्षं मी त्याच गल्ल्यांतून पिशवी घेऊन हिंडले.

आया सोफिया किंवा तोपकापी राजवाडा याबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. चार दिवस फिरायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. पण संसार मांडायचा म्हटलं की दूधवाला, वाणी, शेजारीण आणि डॉक्टर यांच्याशी गाठ पडते, आणि तिथे राजवाड्यांचा काही उपयोग होत नाही. तिथे लागते भाषा.

ह्यांच्या ऑफिसात इंग्रजी चालायचं. आमच्या गल्लीत मात्र तुर्कीखेरीज कुणी बोलायचं नाही. मी साताऱ्याच्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवत असे आणि शिक्षकांच्या खोलीत मला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणत. ती तोफ इथे एकदम थंड पडली! दूध संपलं तरी संध्याकाळी ह्यांची वाट बघायची, नळ बिघडला तरी ह्यांनाच फोन. मोबाइल भाषांतर करून देतो, खरं आहे. पण एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं बोट आणि मागे माणसांची रांग, अशा वेळी तो पर्समधून काढायचा तरी कसा? शिवाय हाताने खुणा करणाऱ्या बाईशी लोक दयेनं वागतात, बरोबरीनं नाही. मला ती दया नको होती. म्हणून मी तुर्की शिकायला बसले.

पहिली बाराखडी

भीतीचं काही कारण नाही. लिपी रोमन आहे. १९२८ पर्यंत तुर्की भाषा अरबी लिपीत लिहीत. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुस्तफा केमाल अतातुर्क यांच्या सरकारने कायदा करून नवी लिपी आणली. अतातुर्क स्वतः फळ्यापुढे उभे राहून लोकांना अक्षरं शिकवत, तसं त्यांचं छायाचित्रही प्रसिद्ध आहे. देशाचा राष्ट्राध्यक्ष हातात खडू घेतो, हे मला मास्तरणीला फारच आवडलं!

एकूण अक्षरं २९. गंमत अशी की जसं लिहायचं तसंच वाचायचं, अगदी आपल्या देवनागरीसारखं. इंग्रजी स्पेलिंगची कटकट नाही. फक्त पाच-सहा अक्षरं लक्षात ठेवावी लागतात. ‘सी’ हे अक्षर दिसलं की ‘ज’ म्हणायचं. खाली शेपटी असलेला ‘सी’ म्हणजे ‘च’ आणि शेपटीचा ‘एस’ म्हणजे ‘श’. डोक्यावर चंद्रकोर असलेला ‘जी’ स्वतः गप्प राहतो आणि आधीच्या स्वराला लांबवतो. ‘आय’ दोन आहेत. टिंबवाला म्हणजे आपला ‘इ’. बिनटिंबाचा मात्र ‘अ’ आणि ‘उ’ यांच्या मधला, कण्हताना निघतो तसा. दोन टिंबांच्या ‘ओ’साठी ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हणायचं आणि दोन टिंबांच्या ‘यू’साठी तसाच चंबू करून ‘ई’. हे स्वर देवनागरीत नेमके उतरत नाहीत, म्हणून मी इथे जवळचं अक्षर लिहिते आहे.

अक्षरं लागली की रस्त्यावरच्या पाट्याच पाठ्यपुस्तक होतात. बोटीच्या धक्क्यावर एका दारावर ‘गिरीश’ लिहिलेलं दिसतं. हे कुणा गिरीशरावांचं दार नव्हे, ‘गिरीश’ म्हणजे आत जायची वाट! बाहेर पडायची ती ‘चिकिश’. रस्त्यावरची लाल अष्टकोनी पाटी सांगते ‘दूर’, म्हणजे थांबा. आणि ‘दिक्कात’ म्हणजे अडचण नव्हे, सावधान!

बाजारातलं व्याकरण

पुस्तकं सारी इंग्रजीतून. त्यांत पहिल्याच पानावर ताकीद असते की ही भाषा फार वेगळी आहे, क्रियापद शेवटी येतं आणि सगळे प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतात. अहो, मग मराठीत दुसरं काय होतं? तुर्की आणि मराठी ह्या नात्याने बहिणी नाहीत, दोघींची कुळं अगदी निराळी. पण घर मांडायची पद्धत मात्र सारखी. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की तुर्की वाक्य इंग्रजीतून जुळवायला जाऊ नका, सरळ मराठीतून जुळवा.

कादिकॉयला मंगळवारचा मोठा बाजार भरतो, ‘साली पाझारी’. ‘साली’ म्हणजे मंगळवार. रविवारचं तर नावच ‘पाझार’ आणि सोमवार म्हणजे ‘पाझारतेसी’, बाजाराच्या दुसरा दिवस. ह्या बाजारात दोन शब्दांवर निम्मं काम भागतं. ‘वार’ म्हणजे आहे आणि ‘योक’ म्हणजे नाही. प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘मी’ लावायचा, जसा आपण ‘का’ लावतो.

‘दोमातेस वार मी?’ टोमॅटो आहेत का?
‘वार.’
‘बाम्या वार मी?’ भेंडी आहे का?
‘योक.’

योक म्हणताना भाजीवाला भुवया उंचावून जिभेने ‘च्’ करतो. ते त्यांचं ‘नाही’ आहे, हेटाळणी नव्हे. ‘मला एक मुलगा आहे’ हेही तसंच, ‘बिर ओलूम वार’. इंग्रजीसारखं ‘मी मुलगा बाळगते’ असं म्हणावं लागत नाही.

आकडे तर आपल्यापेक्षा सोपे. बिर, इकी, उच, दोर्त, बेश, आल्ती, येदी, सेकिझ, दोकुझ, ओन. झाले दहा. अकरा म्हणजे ‘ओन बिर’, बारा ‘ओन इकी’. पन्नास ‘एल्ली’, म्हणून एकोणसाठ म्हणजे ‘एल्ली दोकुझ’. एकोणसाठ की एकोणसत्तर, ह्यावरून आपल्याकडे किती मुलं रडतात! आकड्यापुढचा शब्द एकवचनीच राहतो. तीन सफरचंदं ‘उच एल्मा’. अर्धा किलो ‘यारिम किलो’, किती पैसे ‘ने कादार’, महाग ‘पाहाली’ आणि स्वस्त ‘उजुझ’.

शब्द पाठ करताना मला हसू आवरत नसे. ‘एकमेक’ म्हणजे पाव! ‘ऊन’ म्हणजे पीठ, ‘तुझ’ म्हणजे मीठ, ‘सू’ पाणी, ‘स्यूत’ दूध. काही शब्द मात्र माहेरचे भेटावेत तसे भेटतात. शेकेर (साखर), पेयनीर, पिलाव, हेल्वा, बादेम, साबुन, पेर्दे (पडदा), हेसाप (हिशेब). ‘योउर्त’ म्हणजे दही आणि ‘आयरान’ म्हणजे चक्क आपलं ताक, मीठ घातलेलं.

शाकाहारी बायकांनी आणखी दोन प्रत्यय पदरात बांधून ठेवावेत. ‘ली’ म्हणजे ‘सह’ आणि ‘सिझ’ म्हणजे ‘बिन’. ‘शेकेरली’ म्हणजे साखर घातलेला चहा, ‘शेकेरसिझ’ बिनसाखरेचा. ‘एत’ म्हणजे मांस, म्हणून ‘एतसिझ’ म्हणजे बिनमांसाचं. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. कोंबडीला ‘एत’ न समजणारेही पुष्कळ भेटतात. त्यापेक्षा सरळ मोजून सांगावं, ‘एत योक, तावुक योक, बालिक योक.’ मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत.

घराला घर जोडत

आता प्रत्ययांचं पाहू. ‘एव’ म्हणजे घर. घरात ‘एवदे’, घरातून ‘एवदेन’, घरी जायचं तर ‘एवे’. अनेक घरं ‘एवलेर’, आमचं घर ‘एविमिझ’ आणि आमच्या घरांमधून ‘एवलेरिमिझदेन’! शब्द लांबलचक दिसतो, पण सुटा केला की एकेक डबा वेगळा होतो, एव, लेर, इमिझ, देन. जेवणाचा चार पुड्यांचा डबाच म्हणा ना.

एकच पथ्य पाळायचं. तुर्की स्वरांचे दोन गट आहेत आणि प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या शेवटच्या स्वराला जुळला पाहिजे. ‘एव’मध्ये ‘ए’ आहे म्हणून ‘एवदे’. ‘पाझार’मध्ये ‘आ’ आहे म्हणून बाजारात ‘पाझारदा’, बाजारातून ‘पाझारदान’. ‘ओकुल’ म्हणजे शाळा, शाळेतून ‘ओकुलदान’. साडीच्या रंगाला शोभेल असाच ब्लाऊज घालायचा, एवढाच हा नियम. आठ दिवसांत कानाला सवय होते आणि विजोड जोडी आपोआप खटकू लागते.

क्रियापद नेहमी शेवटी. ‘गेल’ म्हणजे ये (आपल्याकडे ‘गेली’ म्हणजे गेली, इथे ‘गेल’ म्हणजे ये!). ‘गेलियोरुम’ म्हणजे मी येते आहे, ‘गेलमियोरुम’ म्हणजे मी येत नाही. मधला एक ‘मि’ घुसला की नकार. आणि पुरुष असो की बाई, क्रियापद तेच. ‘येतो’, ‘येते’ हा भेद नाही. तो, ती आणि ते, तिन्हींना मिळून एकच शब्द ‘ओ’. शेजारीण तासभर ‘ओ’ची हकीगत सांगते आणि तो मुलगा होता की मुलगी, हे आपल्याला शेवटी विचारावं लागतं.

चहाबिहा आणि ‘म्हणे’

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजीबाई राहायच्या. दुपारी त्या जिन्यातून हाक मारायच्या, ‘चाय माय?’ म्हणजे आपलं चहाबिहा! आपण ‘ब’ लावतो, ते ‘म’ लावतात. किताप-मिताप म्हणजे पुस्तकंबिस्तकं. हळूहळू म्हणजे ‘यावाश यावाश’. गरमगरम म्हणजे ‘सिजाक सिजाक’. चिमटीत धरायच्या काचेच्या पेल्यातून कोरा चहा प्यायचा आणि गप्पा ऐकायच्या, हाच माझा वर्ग.

ह्या वर्गात मला तुर्कीचा सर्वांत मजेदार काळ कळला. ‘गेल्दी’ म्हणजे आली, मी स्वतः पाहिली. ‘गेल्मिश’ म्हणजे आली म्हणे! डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांना वेगवेगळे प्रत्यय. आपल्या ‘म्हणे’ला त्यांनी क्रियापदातच जागा दिली आहे. त्यांच्या परीकथाही अशाच सुरू होतात, ‘बिर वारमिश, बिर योकमुश’. एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. आपल्या आटपाट नगरासारखंच.

नात्यांचे शब्द ऐकून तर मी वहीच काढली. इंग्रजीत नणंद, जाऊ, मेहुणी साऱ्या एकाच नावाने ओळखल्या जातात. तुर्कीत नणंद ‘गोरुम्जे’, जाऊ ‘एल्ती’, मेहुणी ‘बाल्दिझ’ आणि साडू ‘बाजानाक’! मावशी ‘तेयझे’, आत्या ‘हाला’, काका ‘आम्जा’, मामा ‘दायी’. भाजीवाल्याला ‘आबी’ म्हणजे दादा म्हणायचं, दुकानातल्या बाईला ‘आब्ला’ म्हणजे ताई आणि म्हाताऱ्या बाईला ‘तेयझे’. ‘तू’ला ‘सेन’ आणि ‘तुम्ही’ला ‘सिझ’ हाही मान आहेच. वरच्या आजीबाई माझ्या ‘तेयझे’ झाल्या, आणि मी त्यांची ‘किझिम’. किझिम म्हणजे माझी पोर.

शब्दांचा प्रवास

हे सारखे शब्द आले कुठून? अरबी-फारसी शब्द तुर्कीत शिरले तसे बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात मराठीतही शिरले. थेट तुर्कीही आहेत. ‘तोप’ म्हणजे तोफ आणि ‘कापी’ म्हणजे दार, म्हणून तोपकापी म्हणजे तोफ-दरवाजा. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्याचं नाव होतं महंमद बिन हसन रूमी. ‘रूमी’ म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. म्हणजे मला मिळालेल्या पदवीतही तुर्की हात होता तर! आपल्या मशालची, नगारची या शब्दांतला ‘ची’सुद्धा तुर्की. तिथे दूधवाला ‘स्यूत्चू’, मासेवाला ‘बालिक्ची’.

आणि दोघींनी शुद्धीकरणही केलं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तुर्कस्तानात १९३२ साली भाषामंडळ स्थापन झालं आणि जुन्या शब्दांच्या जागी नवे आले. शाळेला आमच्या तेयझे अजून ‘मेक्तेप’ म्हणायच्या, त्यांची नातवंडं ‘ओकुल’.

एक रात्र

२०२३ च्या हिवाळ्यात हे कामासाठी अंकाराला गेले होते. रात्री अकराला मुलाचं अंग तव्यासारखं तापलं. घरातलं औषध संपलेलं. तेयझेंना त्याच्याजवळ बसवून मी खाली उतरले. औषधाच्या दुकानाला तिथे ‘एज्झाने’ म्हणतात. ‘हाने’ म्हणजे खाना, आपल्या दवाखान्यातला. आजारी माणूस ‘हास्ता’, म्हणून इस्पितळ ‘हास्ताने’. कोपऱ्यावरचं एज्झाने बंद होतं, पण दारावर त्या रात्री कुठलं दुकान उघडं राहणार याचा कागद होता. तिथे दुकानं पाळीपाळीने रात्र जागवतात. त्याला ‘नोबेत्ची एज्झाने’ म्हणतात. ‘नोबेत’ म्हणजे पाळी, पहारा. आपली नौबत तीच. ज्याच्यावर नौबत आहे तो नोबेत्ची!

दोन गल्ल्या ओलांडून मी तिथे पोचले. ‘ओलूम हास्ता. आतेशी वार.’ माझा मुलगा आजारी आहे, त्याला ताप आहे. ‘आतेश’ म्हणजे आग आणि ताप दोन्ही, आपल्या आतषबाजीतला. काउंटरमागच्या बाईंनी विचारलं, ‘काच याशिंदा?’ किती वर्षांचा? ‘आल्ती.’ ‘काच किलो?’ ‘ओन दोकुझ.’ ‘ने झामानदान बेरी?’ केव्हापासून? मी शब्द सुटा केला. ने, काय. झामान, जमाना, काळ. दान, पासून. ‘आक्शामदान बेरी.’ संध्याकाळपासून. औषधाची ॲलर्जी आहे का? ‘योक.’

बाईंनी बाटली दिली आणि सावकाश सांगितलं, ‘गुंदे उच केरे, येमेकतेन सोनरा.’ गुंदे, दिवसात. उच केरे, तीन वेळा. येमेकतेन सोनरा, जेवणानंतर. मी ते परत म्हणून दाखवलं. त्या हसून म्हणाल्या, ‘गेचमिश ओलसून.’ हे सरून गेलेलं होवो. पहाटे ताप उतरला. ह्यांचा फोन आला तेव्हा मी सारं सांगितलं. हे क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, ‘तू एकटीने बोललीस?’ त्या प्रश्नाने मला पदवी मिळाल्याइतका आनंद झाला.

जाणाऱ्यांसाठी शिदोरी

आता आपल्याकडच्या कितीतरी मुली नवऱ्याबरोबर, आया मुलांकडे परदेशी जातात. कुठल्याही मुलखात जा, आधी तिथल्या बाजाराची आणि औषधाच्या दुकानाची भाषा शिका. बाकीचं मागून येतं. तुर्कस्तानात जाणार असाल तर पहिल्या पंधरवड्यात एवढं पुरे. वार-योक, एक ते दहा आकडे, ने कादार, एतसिझ, आत-पासूनचे प्रत्यय आणि घरातल्या माणसांचं वय व दुखणं सांगणारी चार वाक्यं. सरकारी लोकशिक्षण केंद्रांत परक्यांसाठी तुर्कीचे वर्गही चालतात, तिथे नाव घालावं. रोज पाच शब्द वहीत लिहावेत आणि ते त्याच दिवशी कुणाशी तरी वापरावेत. वापरला नाही तो शब्द वहीतच राहतो.

शेवटी तीन आशीर्वाद, कारण त्यांच्याशिवाय तुर्की बोलणं अळणी. काम करणाऱ्याला ‘कोलाय गेलसिन’, काम सोपं जावो. निरोप देताना ‘गुले गुले’, हसत हसत जा. आणि जेवण झाल्यावर, जिने रांधलं तिला, ‘एलिनिझे सालिक’. तुमच्या हातांना आरोग्य लाभो. आम्ही परत आलो तेव्हा बाकीचं तुर्की साताऱ्यात कुणाशी बोलणार, असं मला वाटलं होतं. पण हे एक वाक्य आमचा मुलगा अजून रोज ताटावरून उठताना म्हणतो, आणि आता हेही म्हणतात.